मणी व पारंपरिक अलंकार : व्यापार आणि अस्सलपणा

दोरा ओवता यावा म्हणून आरपार भोक पाडलेली दगड, काच, शंख, हाडे, धातू, माती, बिया इ. द्रव्यांची लहान वस्तू म्हणजे मणी. मणी हा अलंकाराचा अतिप्राचीन घटक होय. तो लहान, टिकाऊ व वाहून नेण्यास सुलभ असल्याने व्यापाराची वस्तू म्हणूनही तितकाच प्राचीन आहे. मणी किंवा मण्यांचा अलंकार ‘अस्सल’ आहे असे म्हणताना तीन निरनिराळे अर्थ अभिप्रेत असतात : त्याचे द्रव्य सांगितले तेच आहे, त्याचे वय सांगितले तितकेच आहे, आणि तो ज्या समाजाचा म्हणून दाखविला जातो, त्याच समाजाच्या परंपरेतील आहे. पहिल्या दोन अर्थांची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ शकते. तिसऱ्या अर्थाबाबत मात्र एक समजूत रूढ झालेली आहे. व्यापाराचा स्पर्श होण्यापूर्वीचा अलंकार तेवढा अस्सल आणि व्यापारातून आलेला तो भ्रष्ट, असे संग्राहक, विक्रेते आणि काही अभ्यासकही मानतात. आफ्रिकेतील मण्यांच्या बाबतीत ही समजूत विशेष प्रबळ असून भारतातील आदिवासी व ग्रामीण अलंकारांनाही ती लावली जाते. मण्यांच्या इतिहासाशी मात्र ती जुळत नाही.

विदर्भातील पुरावा : वर्ध्यापासून सु. ८ किमी. अंतरावर धाम नदीच्या काठी असलेल्या पवनार येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये उत्खनन केले. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असे मत मांडले होते. पुढे काही संशोधकांनी हा मान रामटेकजवळील मनसरला दिला. राजधानीचा वाद बाजूस ठेवला, तरी प्रारंभिक ऐतिहासिक काळापासून मध्ययुगापर्यंत नांदलेल्या या वसाहतीच्या थरांत मिळालेले मणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अकीक, तांबडा अकीक (कार्नेलियन) यांसारखे दगड दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत तयार होतात. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग याच खडकाचा असल्याने हा कच्चा माल जवळपास उपलब्ध होता. समुद्रातील शंखासारखे द्रव्य मात्र शेकडो किमी. अंतरावरून आल्याशिवाय विदर्भातील वस्तीत दिसू शकत नाही.

नागपूरच्या वायव्येस असलेल्या माहुरझरी येथील पुरावा अधिक बोलका आहे. तेथील शिलावर्तुळांचे उत्खनन देव यांनी १९७०–७२ मध्ये केले. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील या दफनांत तांबड्या अकिकाचे मणी मिळाले असून त्यांतील काहींवर क्षाराने रेखलेली पांढरी नक्षी आहे. डेक्कन कॉलेजच्या नंतरच्या उत्खननांत कच्चा दगड, छिलके, अर्धवट घडविलेले व भोक पाडताना फुटलेले मणी आढळले. यावरून तेथे मणी घडविण्याचा मोठा व्यवसाय होता, हे स्पष्ट होते. एका वस्तीच्या स्वतःच्या गरजेपुरते हे उत्पादन नव्हते. ते इतरत्र जाण्यासाठी होते. रेखित मण्यांचे अभ्यासक मो. गं. दीक्षित यांनी १९४९ मध्येच अशा मण्यांच्या भारतभरच्या प्रसाराकडे लक्ष वेधले होते. तात्पर्य, विदर्भात मणी जितका मागे शोधावा, तितका व्यापारही मागे सापडत जातो. ‘व्यापारापूर्वीचा मणी’ हा पुराव्यात न भेटणारा आदर्श आहे.

भारत व आफ्रिका : आफ्रिकेच्या पारंपरिक मण्यांचा एक मोठा उगम पश्चिम भारतात आहे. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतील अकीक खंबायतला येई. तो उन्हात सुकवून मातीच्या मडक्यांत मंद आचेवर भाजत. या उष्णतेने दगडातील लोहसंयुगांना तांबडा रंग चढतो. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने त्याचे छिलके उडवीत आणि हिऱ्याची कणी बसविलेल्या धनुष्याकृती सामत्याने भोक पाडीत. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने खंबायतचे मणी व कापड पूर्व आफ्रिकेतील सोफाला बंदरात जाऊन त्यांच्या मोबदल्यात सोने मिळते, अशी नोंद केली. रतनपूरच्या डोंगरावर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. ॲबिसिनियातून आलेल्या या पुरुषाने अकिकाच्या व्यापाराची घडी बसविली, अशी सिद्दी समाजाची श्रद्धा आहे. आफ्रिकेत जाणाऱ्या भारतीय मण्याच्या पाठीशी भारतात आलेला आफ्रिकी संत उभा असावा, यावरून या व्यापाराची गुंतागुंत लक्षात येते.

काचमण्यांबाबत महाराष्ट्राचा संबंध प्रत्यक्ष आहे. रायगड जिल्ह्यातील चौल बंदराच्या परिसरात मिळालेल्या आणि केन्यातील स्थळांवर सापडलेल्या मण्यांचे रासायनिक विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंकडील काचेच्या घटकांत निकटचे साम्य आढळले. सोडा व ॲल्युमिना यांचे अधिक प्रमाण असलेली ही काच दक्षिण आशियातील असल्याचे त्यावरून दिसून येते. द. आफ्रिकेतील मापुंगुब्वे व त्याच्या शेजारील के-२ या स्थळांवरही हिंदी महासागरातून आलेले मणी विपुल आहेत. के-२ येथील कारागिरांनी अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास आयात केलेले बारीक मणी मातीच्या साच्यांत वितळवून त्यांचे मोठे मणी बनविले. काच परदेशी, परंतु आकार, कल्पना व उपयोग पूर्णतः स्थानिक, असे हे मणी आहेत. आजच्या घानातील क्रोबो लोक बाटल्यांची व फुटक्या मण्यांची पूड साच्यात भाजून मणी करतात. त्यांची परंपराही याच जातीची आहे.

यूरोपीय माल व अनुकरणे : पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या मुरानो बेटावर अनेक थरांच्या काचेचा, आडवा कापला असता तारा दिसणारा ‘शेव्हरॉन’ मणी निघाला. पुढील शतकांत व्हेनिसचे व नंतर बोहीमियाचे काचमणी आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर सोने, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या बदल्यात उतरविले जात. मण्यांच्या या व्यापाराच्या एका पारड्यात माणसे होती, ही गोष्ट त्यांच्या सौंदर्याची चर्चा करताना विसरता येत नाही. आज जगभर मासाई लोकांची ओळख ठरलेले रंगीत मण्यांचे गळपट्टे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या यूरोपीय मण्यांतून विकसित झाले. त्यापूर्वी लोखंड, शिंपले, बिया यांचे अलंकार प्रचलित होते. म्हणून मासाई गळपट्टा खोटा ठरत नाही. रंगांची निवड, त्यांचे संकेत, वय व विवाहस्थिती यांनुसार अलंकार बदलण्याची पद्धत ही मासाई स्त्रियांची निर्मिती आहे.

खंबायतच्या तांबड्या मण्यांची मागणी पाहून जर्मनीतील ईडार-ओबरश्टाइन येथील पैलूकारांनी यंत्राने घासलेले व रंगविलेले अकीक आफ्रिकेत पाठविले. पाठोपाठ बोहीमियाने त्यांची काचेतील नक्कल काढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत फिनॉल रेझिनचे पिवळे मणी तयार झाले व उ. आणि प. आफ्रिकेत तृणमणी (अंबर) म्हणून गेले. तीन-चार पिढ्यांनी ते वारशाने आलेले, लग्नात दिले जाणारे धन बनले. द्रव्याच्या कसोटीवर हे मणी नकली आहेत. उपयोगाच्या कसोटीवर त्यांना नकली म्हणता येत नाही. १९६०–७० च्या दशकांत व्हेनिसचे जुने मणी आफ्रिकेतून पोतेच्या पोते यूरोप-अमेरिकेत परतले, ते ‘आफ्रिकी मणी’ म्हणून. आणि नंतर त्यांची टंचाई होताच त्यांच्या प्रतिकृती भारतात व चीनमध्ये तयार होऊ लागल्या. ज्या देशाचा मणी एके काळी नकलेस योग्य मानला गेला, तोच देश या नव्या व्यवहारात नक्कलकार झाला.

महाराष्ट्रातील अलंकार : आफ्रिकेकडे पाहताना जी गोष्ट विस्मयकारक वाटते, ती मराठी घरातील दागिन्यांच्या डब्यातही आहे. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ हे नाव मुळात व्हेनिसच्या ड्यूकाट या सुवर्णनाण्याला पश्चिम भारतात मिळाले. नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील शासक कोरलेला असे. भारतीय नजरेने त्यात देवतांच्या मूर्ती पाहिल्या. पुढे येथील सोनारांनी केवळ दागिन्यासाठी त्याच्या प्रतिकृती पाडल्या व त्यांवरील लॅटिन अक्षरे हळूहळू निरर्थक रेघा बनली. नथीतील बसऱ्याचे मोती इराणच्या आखातातून येत, तर पोवळी भूमध्य समुद्रातून. ज्या व्हेनिसच्या मण्यांनी आफ्रिकेतील माळा गुंफल्या गेल्या, त्याच व्हेनिसच्या नाण्यांनी महाराष्ट्रातील गळे सजले.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मंगळसूत्राचे आहे. त्यातील काळे मणी काचेचे आणि बहुधा बाजारातून आणलेले असतात. गावोगाव सुया, दाभण व पोत विकणाऱ्या फिरत्या बायका आणि मणेरी यांच्याकडून ते घेतले जात. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिस व बोहीमिया येथील काचमण्यांची भारतात मोठी आयात होत असे. मणी कोठला, हे कोणी विचारीत नाही. सर तुटला तर ‘तुटला’ न म्हणता ‘वाढला’ म्हणावयाचे आणि तो पुन्हा ओवून घ्यावयाचा, अशी रीत आहे. येथे पावित्र्य मण्याच्या द्रव्यात किंवा वयात नसून ओवण्यात, बांधण्यात व धारण करण्यात आहे. उद्या एखाद्या विक्रेत्याने वापरातील जुने काळे मणी ‘प्राचीन मराठी मणी’ म्हणून परदेशी विकले, तर द्रव्य व वय खरे असूनही मंगळसूत्र त्यात उरणार नाही.

वर्धा-यवतमाळ भागातील बंजारा स्त्रियांच्या अलंकारांतही कवड्या, नाणी, पांढऱ्या धातूचे दागिने व हस्तिदंती बांगड्या यांचे मिश्रण होते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंत मुंबईत उतरे व त्याचा मोठा भाग पश्चिम भारतात बांगड्यांसाठी खपे. १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हाड व नंतर प्लॅस्टिक यांनी बांगडीत त्याची जागा घेतली. प्लॅस्टिकची बांगडी लग्नाच्या विधीत तेच काम करीत असेल, तर तिला अप्रामाणिक म्हणण्यापूर्वी विचार करावा लागतो. प्लॅस्टिक ‘जुने हस्तिदंत’ म्हणून पर्यटकाच्या हाती पडते, त्या क्षणी मात्र अप्रामाणिकपणा सुरू होतो.

व्यापाराची खरी हानी : वरील विवेचनावरून व्यापार निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आजच्या बाजारात अलंकाराऐवजी त्याचे वय व त्याचा ‘आदिवासीपणा’ विकला जातो. वय विकता येऊ लागले, की ते बनविताही येते. नवे मणी वाळूत घासून, तेल व धूर देऊन जुने केले जातात. रेखित अकिकाच्या नकला तर आज मूळ मण्यांहून सहज मिळतात.

दुसरी हानी वापरापासून होणाऱ्या ताटातुटीची आहे. अडचणीच्या वर्षी गोंड, कोलाम किंवा बंजारा घरातील चांदीचे दागिने मोडीच्या भावाने, केवळ वजनावर विकले जातात. तेच शहरात ‘आदिवासी दागिने’ म्हणून अनेक पटींनी विकले जाऊ शकतात. दागिना कोणत्या प्रसंगी, कोणी, कोणाला दिला, हे ज्ञान मात्र पहिल्याच व्यवहारात नष्ट होते. सोन्याच्या पारंपरिक दागिन्यांचीही अशीच स्थिती आहे. बोरमाळ, मोहनमाळ, कोल्हापुरी साज यांतील मणी पातळ पत्र्याचे व आत लाख भरलेले असतात. कमी सोन्यात भरदार दागिना घडविण्याची ही जुनी युक्ती होती. मोडताना लाख वजा होते व घडणावळीचे मोल शून्य धरले जाते. कारागिराचे हात वजनात बसत नाहीत.

तिसरी हानी पुरातत्त्वीय आहे. पावसाळ्यानंतर पांढरीच्या टेकाडांवर उघडे पडलेले मणी वेचण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारख्या व्यासंगी संग्राहकाच्या हाती पडलेला मणी संग्रहालयात तरी पोहोचला. दलालाच्या हाती पडलेला हरवला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीस प्रतिबंध केला असला, तरी खिशात मावणाऱ्या मण्याला तो क्वचितच अडवू शकतो. थरातून उपटलेला मणी खरा असूनही मुका होतो.

चौथी हानी मात्र माणसाची आहे. खंबायतला अकीक घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेच्या पाहण्यांत तो घासणाऱ्या कामगारांतच नव्हे, तर त्याच वस्तीत राहणाऱ्या इतरांतही आढळला. काम घरोघरी तुकड्यांच्या मजुरीवर चालत असल्याने कारखाना कायद्याचे संरक्षण त्यांना सहसा मिळत नाही. अशा घरातून निघालेला मणी द्रव्याने अस्सल, पद्धतीने पारंपरिक व स्थानाने खंबायती असतो. अस्सलपणाची चर्चा मण्यापाशी थांबते आणि तो घासणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, हे तिचे सर्वांत मोठे वैगुण्य होय.

पारख : मण्याच्या परीक्षेत भोक हा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार मानला जातो. भोकाचा ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास दगडी टोकाच्या, हिऱ्याच्या कणीच्या व आधुनिक यंत्राच्या सामत्याने उमटलेल्या रेषा वेगळ्या दिसतात. दीर्घकाळ वापरलेल्या मण्याच्या भोकाची कड दोऱ्याने व शेजारच्या मण्याने गुळगुळीत झालेली असते. कृत्रिम झीज पृष्ठभागावर सरसकट पसरते. काचेच्या घटकांचे लेसरच्या साहाय्याने अत्यल्प नमुन्यावर विश्लेषण करून तिचा प्रदेश व स्थूल काळ सांगता येतो. या साधनांनी द्रव्य व वय कळते. मणी कोणाचा होता, हे उत्खननातील स्थान किंवा वापरणाऱ्याची साक्ष यांवाचून कळत नाही.

प्रमाणीकरण व त्याच्या मर्यादा : सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क उमटविण्याची पद्धत भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सुरू केली व २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिने ग्राहकाची फसवणूक कमी केली. पण ती केवळ शुद्धता सांगते. यंत्राने ओतलेली ठुशी व हाताने गुंफलेली ठुशी यांवर एकच चिन्ह उमटते. भौगोलिक निर्देशांचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अंमलात आला व त्याखाली खंबायतच्या अकिकाची नोंदणी झाली. ती प्रदेश सांगते. कारागिराची मजुरी व धूळ यांबाबत ती काही सांगत नाही.

या संदर्भात वर्ध्याचा अनुभव उपयुक्त आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने खादीभांडारांना प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था केली होती. १९३५ मध्ये महात्मा गांधींच्या आग्रहावरून कत्तिनीला निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व संघाने स्वीकारले. खादी त्यामुळे महाग झाली व खपाबद्दल चिंताही व्यक्त झाली. परंतु प्रमाणित वस्तूची व्याख्या बदलली. हातसूत असणे पुरेसे राहिले नाही, सूत कातणारीला काय मिळाले, हेही त्या वस्तूच्या खरेपणाचा भाग बनले. १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे प्रमुख कार्यकर्ते जे. सी. कुमारप्पा यांनी, वस्तू विकत घेणारा ती ज्या परिस्थितीत निर्माण झाली तिच्याही जबाबदारीचा वाटेकरी होतो, असा विचार मांडला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाच्या वस्तूंबरोबर त्यांची अवजारे व प्रक्रियाही मांडल्या गेल्या. बहुतेक संग्रहालयांत मणी काचपेटीत एकटा असतो. त्याच्या शेजारी सळई, शिंगाची हातोडी व सामता क्वचितच असतात. खादीचे प्रमाणपत्रही पुढे अनेकदा नुसत्या शिक्क्यापुरते उरले, ही टीका योग्य असली तरी त्यामागील तत्त्व बाद होत नाही.

मूल्यमापन : मण्यांच्या अस्सलपणाचा प्रश्न व्यापार असावा की नसावा, असा मांडता येत नाही, व्यापारावाचून माहुरझरीचे मणी गावाबाहेर गेले नसते, मासाई गळपट्टे नसते व पुतळ्यांची माळही नसती. व्यापाराने आणलेली वस्तू जेव्हा एखादा समाज आपल्या हाताने, आपल्या अर्थाने व आपल्या विधींसाठी वापरू लागतो, तेव्हा ती त्याची होते. उलट, वस्तूचे खोटे वय सांगितले जाते, वापरणारा पुसला जातो किंवा घडविणारा लपविला जातो, तेव्हा ती द्रव्याने शुद्ध असली तरी खोटी ठरते. पवनारच्या थरातील मणी त्याच्या स्थानामुळे बोलतो, मंगळसूत्रातील मणी ओवणाऱ्या हातामुळे; खंबायतच्या मण्यामागे मात्र धुळीने भरलेले फुप्फुस आहे आणि किंमत ठरविताना ते मोजले जात नाही. अस्सलपणाची कोणतीही नवी व्यवस्था या तिन्ही गोष्टी एकत्र विचारात घेईल, तरच ती ग्राहकाप्रमाणे कारागिरालाही न्याय देऊ शकेल.